तानपुरा-ॲपचा सूर चुकतोय? क्लासमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या क्लासमध्ये तबल्याची पुडी गेली की तबलेवाल्याकडे धाव घेतात, पेटीचा भाता गळायला लागला की पेटीवाल्याकडे, आणि फोनमधला तानपुरा बिघडला की माझ्याकडे. गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. ॲप कोणतंही असो, उत्तरं बहुतेक सारखीच राहतात. एक सवय मात्र आधी लावून घ्या. "सूर चुकतोय" असं म्हणून थांबू नका, किती चुकतोय ते मोजा. तीस सेंटचा चोर वेगळा, शंभर सेंटचा वेगळा, दीडशेचा वेगळा. आकडा हातात आला की निम्म्याहून जास्त वेळा चोराचं नावही हातात येतं.

सेंट म्हणजे काय? आणि मोजायचं कसं?

पेटीवर लागून असलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, म्हणजे समजा काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) ते पांढरी दोन (दुसरी पांढरी), हे १०० सेंट. सा ते तार सा १,२०० सेंट. कोणतंही मोफत ट्यूनर-ॲप घ्या, ते सुई किंवा आकडा दाखवतं. काळी एकचा मधल्या सप्तकातला सा म्हणजे २७७.१८ हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपनं), पांढरी चार ३४९.२३, काळी चार ४१५.३०, पांढरी सहा ४४०. आपल्या पट्टीचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, तो कायम लागतो. पुरुषांचा तानपुरा याच्या निम्म्यावर वाजतो. काळी एकच्या जोडीचे (मधल्या दोन तारा, सा-च्या) हर्ट्झ १३८.५९ आणि खर्जाचे (शेवटची तार, एक सप्तक खालचा सा) ६९.३०.

मोजताना पूर्ण तानपुरा चालू ठेवू नका. चार तारा आणि त्यांच्या स्वरांशांच्या (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक सुरांच्या) त्या गर्दीत ट्यूनर गोंधळतो, कधी पंचम दाखवतो, कधी चक्क गंधार. बऱ्याच ॲपमध्ये प्रत्येक तारेचा आवाज वेगळा कमी करता येतो. जोडीची एकच तार ठेवा, किंवा स्वरपेटी अथवा सुरपेटीचा साधा आवाज निवडा. शिवाय मोजायला दुसरा फोन घ्या, कारण ज्या फोनवर संशय आहे त्यालाच साक्षीदार करण्यात अर्थ नाही.

काल संध्याकाळपर्यंत बरोबर होतं. आज सकाळी उघडलं तर सगळंच वर गेलंय. एका पट्टीपेक्षा जास्त, पण पूर्ण दोन पट्ट्याही नाही. हे काय?

या पानावरचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच, म्हणून इथे जरा बसून बोलू.

फोनमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. एका सेकंदाच्या आवाजासाठी ४४,१०० नमुने घ्यायची पद्धत सीडीबरोबर रूढ झाली, व्हिडिओच्या जगात ४८,००० रूढ झाले. ॲपमधली तानपुऱ्याची फाईल ४४,१००ची असेल आणि फोनचं ध्वनियंत्र सेकंदाला ४८,००० नमुने ओढत असेल, तर मधे कोणीतरी रूपांतर करावं लागतं. एरवी ते गुपचूप होतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण हेडफोन लावला, काढला, ब्लूटूथ जोडलं, मधेच फोन आला, अशा वेळी ध्वनियंत्राचा वेग बदलू शकतो आणि काही ॲपना तो बदल कळत नाही. मग एका सेकंदासाठीचा आवाज ०.९१९ सेकंदात संपतो. सूर १४७ सेंटनी चढतो, म्हणजे साधारण दीड पट्टी. काळी एकचा सा थेट पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या अधेमधे जाऊन बसतो, पेटीवर कुठेच न सापडणाऱ्या जागी. उलट दिशेने झालं तर तेवढाच उतरतो.

हे ओळखायला कानापेक्षा घड्याळ बरं. ॲपमध्ये तीनताल (१६ मात्रांचा) लावा, लय ६०, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा. पहिल्या समेपासून (आवर्तनाची पहिली मात्रा) पाचव्या समेपर्यंत ६४ मात्रा, म्हणून ६४ सेकंद लागायला हवेत. ५९च्या आत सम आली तर वेग आणि सूर दोन्ही एकत्र पळतायत, आणि ७०च्या आसपास आली तर दोन्ही एकत्र मागे पडलेत. काही ॲप ठेक्याची लय स्वतंत्र घड्याळावर चालवतात, त्यामुळे ही चाचणी कधीकधी फसते. मग ॲपमध्ये बरोबर एक मिनिटाचं एखादं रेकॉर्डिंग वाजवा. ते ५५ सेकंदांत संपलं की शंकाच नको.

उपाय अगदी घरगुती आहे. ब्लूटूथ बंद करा, हेडफोन काढा, ॲप नुसतं मागे ढकलू नका तर पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. आधी हेडफोन जोडून मग ॲप उघडायचं, उलट नाही. एवढ्याने भागलं नाही तर फोन बंद करून चालू करा. तरीही रोज हेच होत असेल तर दोष ॲपचा आहे आणि तो बनवणाऱ्यांनाच दुरुस्त करावा लागेल. तोपर्यंत फाईन ट्यूनने (सूर थोडाथोडा सरकवायचं बटण) १४७ सेंट खाली ओढून काम चालवण्याचा मोह टाळा. दुसऱ्या दिवशी ॲप आपोआप शहाणं होतं आणि तुम्ही दीड पट्टी खाली गात बसता. मी हे केलेलं आहे. एक अख्खा आठवडा खर्ज फार सुंदर लागतोय म्हणून खूश होतो.

बरोबर एक पट्टी चुकतेय. ना कमी, ना जास्त.

बरोबर १०० सेंट असतील तर यंत्राला दोष देऊ नका, माणसाचं बोट शोधा. शोधायच्या जागा तीन.

एक, ॲपमध्ये पट्टी बदलायचं बटण चुकून दाबलं गेलं. घरात लहान मूल असेल तर हेच समजा.

दोन, नावांचा घोळ. ॲप इंग्रजी अक्षरं दाखवतं आणि आपण काळी-पांढरी म्हणतो. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन म्हणजे डी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. हिंदी भाषक गुरुजी 'सफेद' म्हणतात तीच आपली पांढरी. काही जण काळी एकला नुसतं 'पहिली काळी' म्हणतात, तेवढ्याने बिघडत नाही. पण 'चार' एवढंच सांगितलं तर पांढरी की काळी हे विचारून घ्या, दोघींत तीन पट्ट्यांचं अंतर आहे.

तीन, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही: स्केलचेंजर पेटी. कुणीतरी पट्ट्या एका घराने सरकवून ठेवल्या आणि मूळ जागी आणायला विसरलं. ॲप बरोबर असतं, पेटी एक पट्टी वर असते, आणि सगळा क्लास फोनला शिव्या घालत असतो.

वीस-तीस सेंटचा फरक आहे. पेटी आणि ॲप एकत्र लावले की आवाज लाटा मारतो.

त्या लाटा मोजता येतात. एक सूर ४४०चा आणि दुसरा ४४२चा असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. लाटा मंदावत जाऊन थांबल्या की सूर जुळले. तानपुरा जुळवताना आपण दुसरं काय करतो?

इतक्या लहान फरकाचं कारण बहुधा मूळ मापात असतं. आज जगभर पांढरी सहा ४४० हर्ट्झ धरतात, पण ॲपच्या सेटिंगमध्ये ते माप ४३२ करायची सोय असते आणि त्याच्या कथित गुणांवर श्रद्धा असलेली मंडळीही भरपूर असतात. ४३२ केलं की सगळं ३२ सेंटनी उतरतं. गायला हरकत काहीच नाही, फक्त साथीच्या पेटीवाल्याची पंचाईत होते.

दुसरी शक्यता, पेटीच ४४०ची नाही. फ्रान्सने १८५९ साली ४३५ हे माप ठरवलं होतं, ते आजच्यापेक्षा सुमारे २० सेंट खाली. जुन्या पेट्या वेगवेगळ्या मापांच्या असतात, आणि पितळेच्या सुरांवर धूळ, गंज, घासकाम यांचा परिणाम होत जातो. भाता जोरात मारला तरी सूर किंचित उतरतो, म्हणून मोजताना भाता हलका ठेवा. फरक नक्की झाला की ॲप पेटीला जुळवून घ्या. फोनचा सूर बोटाने सरकतो, पेटीचा सूर कानसाने घासावा लागतो.

ॲपचा तानपुरा बरोबर आहे, पेटी बरोबर आहे, पण माझा गंधार पेटीशी जुळला की तानपुऱ्याशी जुळत नाही.

मग तुमचा कान चांगला आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार सा-पासून ३८६ सेंटवर असतो. पेटीचा गंधार ४०० सेंटवर, कारण पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. हे १४ सेंट सरावलेल्या कानाला खुपतात. शुद्ध निषादात साधारण १२ सेंटचा फरक पडतो, पंचमात मात्र जेमतेम दोनच. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, त्या वादात हा समान भागांचा मुद्दाही होता. बंदी सैल व्हायला तीस वर्षं लागली. काही ॲपमध्ये प्रत्येक स्वर वेगळा सरकवायची सोय असते. ती जपून वापरा. गंधार तानपुऱ्यातून ऐकायची सवय लागली तर आकडा लिहायची गरज उरत नाही.

मालकंस लावला तर सा वेगळाच वाटतो. पट्टी बदलली नाही, मी शपथेवर सांगते!

शपथेची गरज नाही. मालकंसात पंचम नाही म्हणून तुम्ही पहिली तार मध्यमात लावलीत. मंद्र मध्यम ते सा हे अंतर पाच स्वरांचं, सा-पसारखंच. कान पटकन मध्यमालाच सा मानतो आणि खऱ्या सा-ला पंचम. मग सगळं पाच पट्ट्या सरकल्यासारखं वाटतं. तानपुरा लावल्यावर लगेच गाऊ नका. आधी जोड आणि खर्जच ऐका, मध्यमाची तार बंद ठेवा, सा मनात बसला की मध्यम आत येऊ द्या.

ॲप एक सप्तक वर वाजतंय का? खर्ज ऐकूच येत नाही.

वर गेलेला नाही, ऐकू येत नाहीये एवढंच. फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. ६९ हर्ट्झचा खर्ज त्याच्या आवाक्यात नाही. तो फक्त त्या तारेचे वरचे स्वरांश वाजवतो आणि खालचा सूर कान स्वतःच रचतो. कधी रचतो, कधी नाही रचत. बरा हेडफोन किंवा टेबलावरचा मोठा स्पीकर लावून पाहा, खर्ज तिथेच बसलेला असेल. तरीही सप्तक वर असेल तर 'स्त्री' आणि 'पुरुष' तानपुऱ्याचं बटण तपासा.

ब्लूटूथ इयरफोन लावून रियाझ रेकॉर्ड करायला गेलं की तानपुरा एकदम डब्यातून आल्यासारखा येतो.

ब्लूटूथची दोन रूपं असतात. गाणी ऐकताना एक, बोलताना दुसरं. इयरफोनचा माइक चालू झाला की फोन त्याला बोलण्याच्या रूपात टाकतो. तिथे सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुनेच जातात. जवारीची (तानपुऱ्याच्या तारेच्या त्या झणझणीत नादाची) सगळी किनखाप वरच्या स्वरांशांत असते आणि तीच कापली जाते. सूर तसा बदलत नाही, पण या अदलाबदलीतच वर सांगितलेला १४७ सेंटचा घोटाळा होण्याची शक्यता सर्वांत जास्त. तारेचा हेडफोन वापरा, किंवा ऐकायला ब्लूटूथ आणि रेकॉर्डिंगला फोनचाच माइक असं सेटिंग असेल तर ते निवडा. आणि हो, ब्लूटूथमुळे ठेका उशिरा ऐकू येतो तो वेगळा आजार. त्याचा सुराशी संबंध नाही.

लय कमी केली की सूरही उतरतो.

सूर कायम ठेवून वेग बदलायचं बटण बंद आहे, ते चालू करा. ते बंद असताना काय होतं हे मात्र एकदा मुद्दाम ऐकाच. पाऊणपट वेगाला सा उतरून मंद्र पंचमावर येतो. सव्वापटीला सा-चा शुद्ध गंधार होतो, तोही तानपुऱ्यातला. दीडपटीला पंचम, दुपटीला तार सा. स्वरांची गुणोत्तरं शिकवायला मला याहून सोपं साधन सापडलेलं नाही.

बटण चालू ठेवूनही वेग निम्म्याखाली नेला तर आवाज खरखरीत होतो, तबल्याचे बोल दुहेरी उमटतात. ते तसंच व्हायचं. पट्टी फार सरकवली तरी तेच: मूळ काळी एकचा तबला काळी चारला नेला की प्लॅस्टिकच्या डब्यासारखा वाजतो. खऱ्या तबल्यालाही चढ-उताराची मर्यादा असतेच की.

यूट्यूबवरचं जुनं गाणं ॲपमध्ये घेतलं, ते कोणत्याच पट्टीत बसत नाही.

इथे ॲप निर्दोष. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे म्हणून ओळखल्या जातात, पण अगदी सुरुवातीच्या काळात तो वेग पक्का नव्हता. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ने वाजवली तर सूर ४४ सेंटनी उतरतो. कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर टेपरेकॉर्डरचा जीर्ण पट्टा सूर हलवत राहतो, एकच आकडा लागू पडत नाही.

चित्रपटगीतांची आणखी एक गंमत. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, आपल्याकडचं दूरदर्शनचं पाल तंत्र २५चं. फीत थोडी पळवली की काम भागतं, पण त्याबरोबर सूर ७१ सेंटनी चढतो आणि तीन मिनिटांचं गाणं १७३ सेकंदांत संपतं. व्हीसीडी-डीव्हीडीवरून चढवलेल्या पुष्कळ गाण्यांत हा चढ राहिलेला आहे. आणि काही मंडळी स्वामित्वहक्काच्या यंत्रणेला चकवायला मुद्दामच पट्टी हलवून गाणं चढवतात. 'मूळ पट्टी' ठरवताना एकाच व्हिडिओवर विसंबू नका.

मी स्वतः लेहऱ्याचे (तबल्याच्या साथीला सतत फिरणाऱ्या धुनेचे) ट्रॅक बनवतो. विद्यार्थ्यांकडे ते चढे वाजतात.

ऑडॅसिटी वापरत असाल तर ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' बदलू नका. तो फक्त लेबल बदलतो, आवाज पळतो किंवा रेंगाळतो. वरच्या मेनूतलं 'रिसॅम्पल' वापरा. ४४,१०० की ४८,००० याने ऐकायला फरक पडत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेवा, म्हणजे झालं. ट्रॅकच्या आधी दहा सेकंद नुसता सा भरून ठेवलात तर विद्यार्थ्याला तिथल्या तिथे मोजता येतो.

बासरीवाला आहे. हिवाळ्यात ॲप चढं वाटतं, मे महिन्यात उतरलेलं.

ॲपला थंडी वाजत नाही, बासरीला वाजते. हवा गरम झाली की नादाचा वेग वाढतो, आणि बासरीचा सूर दर अंशाला सुमारे तीन सेंट चढतो. दहा अंशांत तीस सेंट. फुंकून बासरी गरम करा, मग ॲप जुळवा.

ट्यूनर, पेटी, तीन फोन, सगळे बरोबर म्हणतात. मलाच सूर उतरलेला ऐकू येतो.

सर्दीत कान दडे बसले असतील तर दोन दिवस थांबा. दोन कानांना एकच सूर वेगवेगळा ऐकू येणं हाही खरा प्रकार आहे, एकेक कान झाकून पाहा. फिट्सवर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाने सूर साधारण अर्ध्या स्वराने उतरलेला ऐकू येतो, अशा नोंदी आहेत. असं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.

ॲपवाल्यांना तक्रार कशी लिहू? दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

"सूर बेकार आहे" याला कोण काय उत्तर देणार? त्यांना आकडे द्या. नमुना देतो, आपले तपशील भरून पाठवा: "फोनचं मॉडेल अमुक, ॲपची आवृत्ती तमुक. पट्टी काळी एक, माप ४४०, फाईन ट्यून शून्य. ब्लूटूथ इयरफोन काढल्यानंतर सा १३८.६ऐवजी १५०.९ हर्ट्झ येतो. तीनताल, लय ६०, चार आवर्तनं ५८.८ सेकंदांत. ॲप बंद करून उघडल्यावर ठीक होतं. दहापैकी सात वेळा घडतं. तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग जोडलं आहे." रेकॉर्डिंग मात्र दुसऱ्या फोनवर करा, आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी नसेल अशी वेळ बघा.